एका दिवसाचं लुगडं

आमच्या मीरा रोडला भाड्याने काय मिळत नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला जरा थांबावं लागेल. राहतं घर तर कितीतरी जणांचं भाड्याचंच (अकरा महिन्यांचा करार, तो संपला की पुन्हा अकरा महिने). लग्नातली शेरवानी भाड्याची, नवरात्रातली चनिया-चोळी भाड्याची, शाळेच्या गॅदरिंगमधला वाघ भाड्याचा आणि पंधरा ऑगस्टला रिक्षातून उतरणारे साडेतीन वर्षांचे टिळक-नेहरू, त्यांचा पगडी-टोपीसकट सगळा सरंजामही भाड्याचाच. अशा गावात राहणाऱ्या माणसाला, कोरियात जाऊन एक दिवस तिथला पारंपरिक पोशाख भाड्याने घेऊन मिरवावं की नाही, हा प्रश्न पडायचं खरं तर काही कारण नाही.

पण पडला. त्याचं कारण माझी भाची. ती सोलला फिरून आली. कोरियन मालिका बघून बघून तिला आता तिथल्या गल्ल्या आपल्या गोल्डन नेस्टच्या चौकापेक्षा जास्त पाठ झाल्यात. तिथे तिने दिवसभरासाठी हानबोक भाड्याने घेतला, राजवाड्यात फिरली, फोटो काढले. आल्यावर तिच्या एका मैत्रिणीने विचारलं, "तू काय कोरियन आहेस? दुसऱ्यांचं धर्म-संस्कृतीचं काहीतरी असतं ते, आणि तुम्ही फॅन्सी ड्रेस करता!" भाचीने मला फोन केला. "मावशी, खरंच चुकीचं आहे का गं हे?"

फोनवर मी सांगितलं ते दोन वाक्यांत संपलं. पण नंतर विचार करत गेले तसतसं ते उत्तर कोरियातून निघून थेट उत्तनच्या समुद्रापर्यंत येऊन पोहोचलं. म्हणून हे लिहितेय.

आधी तिकडचं. सोलमध्ये ग्यॉंगबोकगुंग नावाचा राजवाडा आहे. जोसॉन घराण्याने १३९५ मध्ये बांधलेला, नंतर जळलेला, पुन्हा उभारलेला. त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमधून हानबोक भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. दोन तासांचा दर वेगळा, दिवसाचा वेगळा. बायकांसाठी वरचं आखूड जाकीट म्हणजे जॉगोरी, खाली छातीपासून सुरू होणारा घेरदार छिमा. पुरुषांना ढगळ विजार आणि हवी असेल तर ती काळी उंच टोपी. दुकानातल्या बायका वेणी घालून देतात, वर चिमुकली पिशवीही देतात. आणि यातली गंमत म्हणजे हानबोक घातलेला असेल तर राजवाड्यात तिकीट लागत नाही. २०१३ पासून तिथल्या वारसा खात्याने ही सोय केली आहे. मग तो घालणारा सोलचा असो, साओ पावलोचा असो की मीरा रोडचा.

म्हणजे ज्यांचा पोशाख, त्यांचं सरकारच सांगतंय की या, घाला, फिरा. भाचीच्या मैत्रिणीचा प्रश्न इथेच निकालात निघायला हवा. पण कोरियात यावर वाद झाला नाही असं नाही. झाला, फक्त वेगळ्याच मुद्द्यावर झाला. २०१८ च्या सुमारास तिथे तक्रारी वाढल्या की ही भाड्याची दुकानं जे देतात तो हानबोकच नव्हे. छिम्याखाली तारेची रिंग घालून तो युरोपातल्या राजकन्येसारखा फुगवलेला, त्यावर सोनेरी छपाई आणि झिरझिरीत लेस, छातीवर बांधायच्या बंदाऐवजी पाठीमागे रिबिनीचं फूल. २०२४ मध्ये तर वारसा खात्याच्या प्रमुखांनीच जाहीरपणे सांगितलं की राजवाड्याभोवतीच्या दुकानांतल्या या प्रकाराकडे आता लक्ष द्यावं लागेल. त्याआधी आणखी एक भांडण झालं होतं. पुरुषाने पुरुषाचा आणि बाईने बाईचाच हानबोक घातला तर तिकीट माफ, असा नियम होता. तिथल्या मानवाधिकार आयोगाने तो भेदभावाचा ठरवला आणि २०१९ मध्ये नियम बदलला.

म्हणजे बघा, परक्याने घातला याचा राग नाही. धड घातला नाही याचा राग आहे. हे मला अगदी घरचं वाटलं. माझ्या आजीला शेजारची पंजाबी सून नऊवारी नेसली याचा आनंदच व्हायचा, पण कासोटा ढिला दिसला की ती उठून स्वतः तो खोचून द्यायची, आणि खोचताना चार शब्द सुनवायचीही.

कोरियन लोक खरे चिडले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात चीनमधल्या वेगवेगळ्या वांशिक समूहांचे प्रतिनिधी म्हणून जे लोक आले, त्यांत हानबोक घातलेली एक बाई होती. चीनमध्ये कोरियन वंशाचे लोक पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यामुळे ती तशी येणं चीनच्या दृष्टीने सरळ होतं. पण कोरियात गदारोळ झाला, कारण त्यांना त्यात ‘हा पोशाख आमचा’ असा दावा दिसला. त्याच वर्षी जुलैमध्ये दक्षिण कोरियाने राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत हानबोकची नोंद केली. नोंद कशाची केली तर कापडाची नव्हे. हानबोक शिवणं, तो कुठल्या प्रसंगी घालायचा, कसा घालायचा, घातल्यावर कसं वागायचं, या सगळ्या रीतीची. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. कापड भाड्याने देता येतं. रीत भाड्याने देता येत नाही, शिकवावी लागते.

आता उलट बाजू. अमेरिकेत बॉस्टनच्या कलासंग्रहालयात मोने या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र आहे, त्याची बायको लाल किमोनो घालून उभी आहे असं. २०१५ मध्ये संग्रहालयाने ठरवलं की बुधवारी संध्याकाळी लोकांनी तसाच किमोनो अंगावर चढवून चित्रासमोर फोटो काढावेत. आशियाई वंशाच्या काही तरुण अमेरिकनांनी निदर्शनं केली, की आमची चेष्टा चालवली आहे. संग्रहालयाने जुलैमध्ये ते बंद केलं. मग दुसरे काही जण निषेधाला आले, त्यांत जपानी बायका होत्या. त्या म्हणाल्या, किमोनो आम्ही लोकांना हौसेने नेसवतो, आमच्या वतीने तुम्ही कोण रागावणार!

दोन्ही बाजूंचं मला थोडं थोडं पटतं. जपानमध्ये राहणाऱ्या बाईला किमोनो हा अभिमानाचा विषय. पण अमेरिकेत लहानाची मोठी झालेल्या, शाळेत डोळ्यांवरून चिडवल्या गेलेल्या मुलीला तोच किमोनो गोऱ्या बाईच्या अंगावर दिसला की तिला ते चिडवणं आठवणार. पोशाख तोच. फरक कुठे आहे? तर तो पोशाख ज्याच्या नावावर आहे, त्याला त्या जागी रोज कसं वागवलं जातं, इथे. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गोम इथेच आहे. आणि ही गोम कळायला बॉस्टनला जायची गरज नाही, भाईंदरची तीन नंबरची फलाटही पुरते.

तिकडे वळण्याआधी काश्मीरला जाऊन येऊ. मराठी मध्यमवर्गाचा भाड्याचा पोशाख म्हणजे काश्मिरी फिरन. शालिमार नाहीतर निशात बागेत गेलात की फोटोवाला गाठतोच. जीन्सवरच तो लालभडक फिरन चढवायचा, डोक्यावर चांदीसारखे दिसणारे झुबके, हातात फुलांची परडी किंवा कमरेवर घडा, चिनाराखाली उभं राहायचं. महाराष्ट्रातल्या हजारो घरांच्या शोकेसमध्ये हा फोटो आहे, आमच्याही घरी आहे. आम्ही गेलो तेव्हा थंडीचे दिवस होते. मला फिरन चढवणाऱ्या त्या फोटोवाल्याच्या अंगावरही फिरनच होता. राखाडी, लोकरीचा, कोपरापाशी रफू केलेला, आणि आत पोटाशी कांगडी धरलेली. माझ्या फिरनवर जरीकाम होतं आणि त्यात ऊब शून्य. त्याच्या फिरनवर काही नव्हतं आणि ऊब सगळी त्यात. एकाच नावाचे दोन कपडे, पण एक पोशाख होता आणि एक कपडा होता.

यात वाईट काही नाही. त्याचं पोट त्यावर चालतं आणि माझी हौस होते. पण मला या दोन शब्दांमधला फरक तेव्हापासून फार दिसायला लागला. कपडा गरजेपोटी तयार होतो. गरज संपली किंवा बदलली की त्याचा पोशाख होतो. आणि पोशाख झाला की तो भाड्याने मिळू लागतो.

आपल्या नऊवारीचं हेच झालंय. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एवढं कापड अंगाभोवती घेऊन त्याचा कासोटा मारायचा म्हणजे शेतात वाकता येतं, विहीर चढता-उतरता येते, वेळ पडली तर घोड्यावर बसता येतं. आमची आजी त्यात झोपायची, जात्यावर बसायची आणि एसटी पकडायला धावायचीही. ती त्याला नऊवारी म्हणायची नाही, लुगडं म्हणायची. ‘नऊवारी’ हा शब्द पाचवारी आल्यावर लागला. लुगडं हा शब्द आता इतका मागे पडलाय की सोसायटीतल्या मुलींना त्याचा अर्थ सांगावा लागतो.

आता गुढीपाडव्याला बघा. डोंबिवलीत १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि बघता बघता गिरगाव, ठाणं करत गावोगावी पोहोचली. त्याबरोबर नऊवारीलाही पुन्हा बरे दिवस आले. पण ती नऊवारी शिवलेली असते. शिवलेल्या विजारीसारखी पाय घालून चढवायची, बाजूला नाडी, नथ चापाची, अंबाडा तयार. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी असे प्रकार दुकानदार सांगतो (मस्तानीचा ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट २०१५ च्या डिसेंबरात आला आणि तेव्हापासून ती सगळ्यांना हवी असते). फेटा बांधणारा माणूस सकाळी सहालाच खुर्ची टाकून बसतो. भाडं द्यायचं, डिपॉझिट ठेवायचं, संध्याकाळपर्यंत परत.

मराठीत एक गोष्ट फार सुरेख आहे. आपण साडी नेसतो, झगा घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो आणि दागिने लेतो. प्रत्येक गोष्टीला वेगळं क्रियापद. ‘नेसणं’ म्हणजे अंगाला येत असलेली कला, ‘घालणं’ म्हणजे आयता मिळालेला आकार. शिवलेली नऊवारी नेसत नाहीत, घालतात. दुकानातली मुलंही आता "मॅडम, नऊवारी घालून बघा" असंच म्हणतात. त्यांनी भाषा बिघडवली असं मला वाटत नाही. उलट त्यांनी अगदी बरोबर शब्द वापरला! भाषेने हिशोब चोख ठेवलाय.

मी शिवलेल्या नऊवारीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. आठ तास बँकेत बसून, दोन लोकल बदलून घरी येणाऱ्या बाईला पाडव्याच्या पहाटे पाच वाजता सव्वाआठ मीटर कापडाशी झटापट करायला लावणं हा काही संस्कृतीचा मान नव्हे. आणि कोरियातही याहून वेगळं नाही. तिथली माणसं रोज काही हानबोक घालत नाहीत. चांद्र नववर्षाला, शरदातल्या छुसॉकच्या सणाला, लग्नाला घालतात, आणि अनेकजण भाड्यानेच आणतात. म्हणजे मालकही एका दिवसाचा आणि पाहुणाही एका दिवसाचा. मग पाहुण्याला नावं ठेवायचा अधिकार मालकाला कितीसा उरतो? आपला पोशाख आपणच भाड्याने आणतो, तेव्हा तो दुसऱ्याने भाड्याने नेला म्हणून ओरडणं मला तरी पटत नाही.

हे सगळं इथवर सोपं आहे. आता अवघड भाग.

त्याच भाड्याच्या दुकानात, नऊवारीच्या रांगेच्या शेजारी, आणखी एक हँगर असतो. कोळी ड्रेस. मुलींसाठी गुडघ्यापर्यंतचा चकचकीत कासोटा, वर चोळी, खांद्यावरून फडकं, डोक्यात गजरा. मुलांसाठी चौकड्यांचं त्रिकोणी फडकं, म्हणजे सुरका, आणि टोकदार लाल टोपी. सोबत एक टोपली आणि त्यात रबराचे मासे. मीरा-भाईंदरमधल्या मराठी, गुजराती, इंग्रजी कुठल्याही माध्यमाच्या शाळेचं स्नेहसंमेलन कोळीनृत्याशिवाय पार पडलंय असं मला आठवत नाही. टाळ्याही सगळ्यात जास्त त्यालाच पडतात.

आणि ज्यांचा हा पोशाख, ते लोक कुठे राहतात? काश्मीरला नाही, कोरियाला नाही. आमच्या घरापासून बसने तासाभराच्या आत. भाईंदर पश्चिमेला उतरून मुर्धा, राई, मोर्वा ओलांडत बस पुढे जाते ती डोंगरी, चौक, पाली, उत्तनला. तिथे किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांना तोंडात तोंड अडकवलेले बोंबील वाळत असतात, पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. उत्तनच्या कोळ्यांपैकी पुष्कळजण ख्रिस्ती, पोर्तुगीज काळापासूनचे. वसईच्या मोहिमेत १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांना हरवलं हे आपण अभिमानाने सांगतो, त्या मोहिमेत धारावी बेटाचा किल्लाही होता, तो इथेच. त्या आधीपासून आणि त्या नंतरही हे लोक समुद्रावर जातच होते.

कोळणीचं ते आखूड, घट्ट लुगडं ही काही नटण्याची तऱ्हा नव्हती. चिखलात आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून होडीतला माल उतरवायचा, ओली पाटी डोक्यावर घ्यायची, आणि ते करताना कापड पायात येता कामा नये, म्हणून ते तसं. आता तरुण कोळणी बहुतेक मॅक्सीत किंवा सलवार-कमीजमध्ये काम करतात, पण जुन्या बायकांच्या अंगावर ते अजून दिसतं.

ती बाई पहाटे मासळीची पाटी घेऊन लोकलच्या मालडब्यात चढते. कधी गर्दीत चुकून बायकांच्या डब्यात शिरली तर काय होतं ते मी कित्येक वर्षं बघतेय. पदर नाकाला लागतात. "मालडब्यात जा ना!" कुणीतरी म्हणतं. पाटीतलं पाणी सांडलं तर विचारूच नका. यातल्याच एखादीच्या मुलीने आदल्या आठवड्यात शाळेत कोळी ड्रेस घालून नाच केलेला असतो, आणि आईने त्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलेले असतात. रबराचे मासे चालतात, कारण रबराला वास नाही.

मला खटकतं ते हे. भाड्याचा पोशाख संध्याकाळी उतरवता येतो. पोशाखाबरोबर लोक जे डोळे आपल्याकडे वळवतात, तेही उतरवता येतात. ज्याला उतरवता येत नाहीत, त्याच्या बाजूने विचार केला की कौतुक आणि चेष्टा यांतली रेघ फार पातळ होते.

महाराष्ट्राला हे माहीत नाही असं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या दलित बायकांना सांगितलं होतं की तुमची लुगडं नेसण्याची पद्धत आणि हातापायांतले जड, कथलाचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती टाका. इतर बायका नेसतात तसं लुगडं नेसा. आणि बायकांनी ते लगेच केलंही. आज एखाद्या दुकानदाराने त्या जुन्या पद्धतीचं लुगडं ‘पारंपरिक लोकवेश’ म्हणून हँगरला लावलं तर? तो म्हणेल, परंपरा जपतोय. पण ज्यांच्या पणजीने ती खूण अंगावरून उतरवली, त्यांना विचारल्याशिवाय ती हौसेने चढवायची असते का? प्रत्येक जुनं कापड म्हणजे वारसा नसतो. काही कपडे मुद्दाम सोडलेले असतात.

याच्या उलट उदाहरणही आमच्याच आसपास आहे. इथले ईस्ट इंडियन. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी हे नाव स्वतःसाठी घेतलं. घरात मराठीचीच एक बोली, देवळात क्रूस, आणि आजीच्या अंगावर चौकडीचं लुगडं. मधल्या पिढ्यांनी फ्रॉक आणि गाऊन स्वीकारले, लुगडं ट्रंकेत गेलं. आता लग्नातल्या पाण्याच्या विधीला त्यांच्या नाती हौसेने तेच लुगडं नेसतात, म्हाताऱ्या बायका बसून नेसवून देतात. एका दिवसापुरतंच. पण तिथे नेसवणारी आणि नेसणारी एकमेकींशी बोलत असतात. पिन कुठे लावायची यावरून भांडतही असतात. म्हणून एका दिवसाचं असूनही ते मला भाड्याचं वाटत नाही, मग कापड कुठूनही आणलेलं असो.

तर भाचीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. कोण घालतंय याने काही ठरत नाही. जातीने, वंशाने, भाषेने कपड्याला कुलूप लावायचं म्हटलं तर सगळ्यात आधी मीरा-भाईंदर बंद करावं लागेल. इथे नवरात्रात मालवणी मुली चनिया-चोळीत असतात आणि पाडव्याला मारवाडी, मल्याळी, भोजपुरी घरांतल्या मुली नथ घालून निघतात. जुलै २०२५ मध्ये मराठी बोलण्यावरून आमच्या गावात मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी बंद पाळला, मग मराठी माणसांचा मोर्चा निघाला, आणि पंधरा दिवस सगळ्या देशाच्या टीव्हीवर मीरा रोड होतं. मी मराठीच्या बाजूने आहे, यात मला जराही शंका नाही. पण त्या दिवसांत मला राहून राहून ते भाड्याच्या पोशाखांचं दुकान आठवत होतं. मालक राजस्थानी, नऊवारी शिवणारा कारागीर उत्तर प्रदेशचा, घेणारी मराठी. तो गिऱ्हाइकाशी मोडकं मराठी बोलतो, पण ‘कासोटा’ हा शब्द मात्र आमच्या सोसायटीतल्या निम्म्या मराठी मुलींपेक्षा स्वच्छ उच्चारतो. कारण तो त्याच्या कामाचा शब्द आहे. भाषा असो की लुगडं, कामाला लागलं की टिकतं. धमकीने टिकत नाही आणि नुसत्या मिरवणुकीनेही टिकत नाही.

मग ठरतं कशाने? मला तीन गोष्टी दिसतात. एक, घालण्याआधी निदान एवढं माहीत करून घ्यावं की हे कुणाचं आहे आणि असं का आहे. बंद छातीवर का, कासोटा मागे का. पाच मिनिटांचं काम असतं, दुकानातली बाई सांगते. दोन, पैसे कुणाकडे जातात ते बघावं. शिवणाऱ्याकडे, नेसवणाऱ्याकडे चार पैसे गेले तर भाडं हे भाडं राहत नाही, पाठिंबा होतो. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. पोशाख उतरवल्यावर त्या माणसांशी आपण कसे वागतो.

तिसऱ्या कसोटीवर माझी भाची उत्तीर्ण आहे, कारण सोलच्या माणसांना ती त्रास देऊ शकतच नाही, ती चार दिवसांची पाहुणी. त्या कसोटीवर अवघड आहे ते आमचं, मीरा-भाईंदरकरांचं. कारण उत्तनकडून आम्ही गॅदरिंगसाठी नाच आणि पोशाख घेतो, रविवारी समुद्र घेतो, रोज बोंबील आणि कोळंबी घेतो. आणि त्या बदल्यात त्यांना काय देतो? कचरा. साऱ्या शहराचा कचरा जातो तो उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर. तिथे तो पेटतो, धूर गावांत पसरतो, पावसाळ्यात घाण पाणी खाली शेतांकडे वाहत येतं. गावकरी गेली कित्येक वर्षं तक्रारी करतायत, मोर्चे काढतायत. आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करायचा विषय निघाला की "कुठे एवढं करत बसायचं" म्हणून पुढच्या सभेवर ढकलला जातो. त्याच सभेत वार्षिक कार्यक्रमाचं कोळीनृत्य मात्र एकमताने मंजूर होतं.

कोळीनृत्य बंद करा असं मी म्हणत नाही. मुलं गोड दिसतात आणि गाणी छानच आहेत. पण यंदाच्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. रबराच्या माशांची टोपली आणण्याआधी मुलांना एका सकाळी उत्तनच्या बंदरावर न्यावं, होडीतून माल उतरताना बघू द्यावं, वास येऊ द्यावा. तिथल्या एखाद्या मावशीला मानधन देऊन बोलवावं, म्हणजे लुगडं कसं नेसायचं ते ती दाखवेल. आणि दुसरी, ओला कचरा आवारातच जिरवायची व्यवस्था याच वर्षी करावी. हे दोन्ही ठराव वेगळे नाहीत, एकच आहेत, हे पटवायला मला बराच वेळ लागणार हे ठाऊक आहे.

आणि भाचीला सांगितलं ते एवढंच, की तुझा तो हानबोकमधला फोटो ठेव, चांगला आलाय. मैत्रिणीने पुन्हा विचारलं तर तिला जॉगोरीचा बंद कसा बांधतात ते दाखव. येत नसेल तर आधी शीक, मग दाखव.